चूल बंद, बांध चालू

जोडून सुट्टी आली की वडखळच्या नाक्यावर अर्धी मुंबई उभी असते. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, त्यामुळे शनिवारी सकाळीच रांग पेणपर्यंत मागे आलेली. भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवणारे आणि गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरणारे सुटले. बाकीचे आम्ही पुढच्या गाडीच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' पुन्हा पुन्हा वाचत सरकत राहतो. या बहुतेकांना किहीम, नागाव, काशीद गाठायचं असतं. आम्ही पोयनाड आलं की त्यांच्यातून बाजूला होतो आणि खाडीच्या अंगाला वळतो. तिकडे वाळू नाही, सुरूची बनं नाहीत, शहाळेवाला नाही. चिखल आहे, कांदळवन आहे आणि भात कापून झाल्यावर उघडी पडलेली सपाट शेतं आहेत. याला खारेपाट म्हणतात. कोकणकिनाऱ्याच्या कॅलेंडरात या भागाचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. माझं माहेर इथलं, आणि फोटो नाही याचं मला बरंच वाटतं.

पनवेलला घरी राहिले असते तर सुट्टी कशी गेली असती ते मला तोंडपाठ आहे. सकाळी तासभर उशिरा उठायचं आणि तो तास दिवसभर फेडत बसायचं. चादरी, अभ्रे, फ्रिजचे कप्पे, दळण, मुलाच्या दप्तराच्या तळाशी काय कुजलंय ते बघणं. नोकरी करणाऱ्या बाईच्या सुट्टीचा आकडा कॅलेंडरात लाल असतो, बाकी त्या दिवसात सुट्टीचं काही नसतं. मंगळवारी ऑफिसात कोणी विचारलं, काय केलं सुट्टीत, तर सांगण्याजोगं एकही काम आठवत नाही. पाय मात्र दुखत असतात.

त्यामुळे 'वाल भरले, पोपटी लावायचीय' असा वहिनीचा फोन आला की मी निघते. पोपटी म्हणजे शेतात जाळ करून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. या वेळी तारीखही चांगली सापडली.

सोमवारी सकाळी आधी झेंडावंदन. थंडी होती, पण आमच्याकडची थंडी: स्वेटर घालून बाहेर पडावं आणि नऊ वाजता तो कमरेला बांधून फिरावं. जिल्हा परिषदेच्या शाळेची प्रभातफेरी गावभर फिरून आली, मुलं चुन्याने आखलेल्या रेषेवर उभी राहिली, झेंडा वर गेला, फुलं पडली. मग भाषणं. चौथीतल्या एका मुलीने रावीच्या काठचं लाहोर अधिवेशन, पूर्ण स्वराज्याचा ठराव, २६ जानेवारी १९३० चा स्वातंत्र्यदिन आणि त्याच तारखेची आठवण ठेवून १९५० साली अमलात आलेली राज्यघटना, हे सगळं एका दमात म्हटलं. मध्ये एकदा अडकली, डोळे मिटून मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं आणि पार झाली. टाळ्या पडल्या, बुंदीचा लाडू मिळाला. नंतर ग्रामसभा होती. तिला पुरुष थांबले आणि बायका घरी गेल्या, कारण घरी शेंगा धुवायच्या होत्या.

ते भाषण चालू असताना माझं लक्ष रावीवर नव्हतं, चरीवर होतं. चरी हे गाव आमच्याच अलिबाग तालुक्यात, शाळेच्या पटांगणातून काही फार लांब नाही. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २५ गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. नुसतं ठरवलं नाही, १९३९ पर्यंत पाळलं. डॉ. आंबेडकर या संपाच्या पाठीशी राहिले. १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच. चौथीच्या भाषणात दिल्ली येते, लाहोर येतं, मग चरी का येऊ नये, असं मला दर वर्षी वाटतं. गुरुजींना एकदा सांगायलाही हवं.

माझी आजी त्या वेळी परकरातली पोर होती आणि तिचं माहेर संपातल्या गावांपैकी एक. पण तिच्या तोंडून मी कधी सभेचं वर्णन ऐकलं नाही. तिच्या संपात फक्त काय शिजलं ते होतं. घरात भात नाही, मग बाप्ये रानातून लाकूडफाटा आणून विकायचे, बायकापोरं खाडीत उतरून चिंबोऱ्या धरायची, निवट्या म्हणजे चिखलातले मासे पकडायची, कधी कंदमुळं उकडायची. संप सहा वर्षं चालला ही इतिहासात एक ओळ आहे. घरात ते दोन हजारांहून जास्त दिवस होतात, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी कोणीतरी चुलीपुढे बसून 'आज काय' या प्रश्नाचं काहीतरी उत्तर काढलेलं असतं. आजीच्या आईने निवट्यांचं कालवण इतक्या तऱ्हांनी केलं की पुढे शेतात पुन्हा भात आल्यावर त्या घरात निवटी कोणी तोंडात घेईना. आजी तर नाव काढलं तरी तोंड फिरवायची. संपाचं स्मारक बाहेर कसंही असो, आमच्या घरात ते असं झालं.

त्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आला, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि यथावकाश आजोबांचं नाव सातबाऱ्यावर लागलं. आज त्या सातबाऱ्यावर आप्पा आहेत, माझे धाकटे चुलते. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, पाठ अजून सरळ. झेंडावंदनाला मात्र ते नव्हते. कुठे गेले म्हणून विचारलं तर वहिनी पाटीतल्या शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, ''कुठे जाणार? बांधावर.''

मीही तिकडेच निघाले. शेंगा धुण्यातून सुटायचं हेही एक कारण होतं, ते वहिनीला कळलं असणार.

खारेपाटाची जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यात चिकणमातीचा एक लांबच लांब बांध, एवढ्यावर सगळा कारभार. बांध आहे म्हणून इकडे भात पिकतं, नाहीतर दिवसातून दोनदा खारं पाणी आत येऊन बसेल. पावसाळ्यात आतलं गोडं पाणी बाहेर जायला वाट हवी, म्हणून बांधात जागोजागी उघाड्या ठेवलेल्या असतात. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेला मार्ग आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं दार. ते फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दाराला ढकलून खाडीत उतरतं. भरती चढली की खाडीचं पाणीच दाराला दाबून बंद करतं. ना वीज, ना मोटर, ना राखणदार. ज्याने कोणी हे पहिल्यांदा काढलं असेल त्याच्या नावाने कुठे चौक नाही.

राखणदार नको असं म्हटलं खरं, पण आप्पा राखणदारच आहेत. मी पोचले तेव्हा ते उघाडीच्या दारापाशी गुडघाभर चिखलात उभे होते. दाराच्या खालच्या कडेत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली अडकली होती, बूच घट्ट लावलेली, त्यामुळे हवेने टणक झालेली. दार तिच्यावर टेकलं होतं आणि खाली तीन बोटं फट राहिली होती. सकाळच्या भरतीत त्या फटीतून पाणी आत आलं होतं. आतल्या बाजूला चिखलावर पाण्याने काढलेली ओली जीभ स्पष्ट दिसत होती, तिच्या कडेने मिठाची पांढरी रेघ धरायला लागलेली. आप्पांनी एका हाताने दार उचललं, दुसऱ्या हाताने बाटली ओढली, ती निघेना. मग पायाच्या अंगठ्याने आतून रेटली तेव्हा 'टप्' करून सुटली. दार खाली आलं, कडेला कड बसली. आप्पांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं, अजून कुठे काडीकचरा आहे का ते. बाटली त्यांनी खाडीत भिरकावली नाही, काखेत धरली. बांधाच्या बाकीच्या फेरीत ती त्यांच्या काखेतच होती.

''आज अष्टमी,'' ते म्हणाले. ''भांग हाय. पान्याला जोर नाय. पन बघावं लागतं, बाय.''

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्या वेळी पाणी बांधाच्या डोक्याला हात लावतं. अष्टमीच्या आसपास भांग. भरती अर्धवट चढते, ओहोटी अर्धवट उतरते. भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, तिथीही रोज एकाने पुढे जाते, म्हणून गणित जुळतं. आता मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पुतण्याकडे आहे. आप्पांचं आणि मोबाइलचं थोडंफार अंतर पडतं, आणि तेवढ्यावरून त्या दोघांत वाद चालतो.

आप्पांच्या दिवसाला वार नाही, तिथी आहे. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ परवा बांधावर चालताना लागला. माझा आठवडा सोमवारी सुरू होतो, शुक्रवारी संपत येतो, मार्चमध्ये फुगतो. रविवार आणि लाल तारखा या त्यातल्या भोकांसारख्या असतात, त्यांच्यातून मी श्वास घेते. आप्पांच्या दिवसांना अशी भोकं नाहीत. दिवाळीच्या पाडव्यालाही पाणी यायचं तेव्हा येतं. पण माझा मंगळवार जसा आदल्या मंगळवारासारखा असतो, तसा त्यांचा दिवस नसतो. रोज वेळ सरकलेली, रोज पाण्याची उंची निराळी. त्यांना दमायला होतं, हे दिसतं. मात्र आज कुठला वार, हे त्यांना बहुतेक वेळा खरंच ठाऊक नसतं.

बांधावरून जाताना ते फार बोलत नाहीत. डोळे पायाखाली. चिंबोरीचं बीळ दिसलं की थांबायचं. बांध मोठ्या लाटेने फुटतो असं बाहेरच्यांना वाटतं. पुष्कळदा तो बोटभर बिळाने फुटतो. चिंबोरी एका बाजूने पोखरते, उंदीर दुसऱ्या बाजूने, भोकं एकमेकांना मिळतात, पाणी झिरपतं, झिरपता झिरपता माती नेतं आणि एखाद्या उधाणाला तिथेच खांड पडते. आप्पांनी एका बिळात काठी घालून खोली बघितली, बांधाच्या पायथ्याचा ओल्या चिकणमातीचा गोळा उचलला, बिळात कोंबला आणि टाचेने दाबला. पुन्हा एक गोळा, पुन्हा टाच. मग वरून तळहाताने सारवल्यासारखं केलं. तिथे भोक होतं हे मला दोन मिनिटांनी दाखवता आलं नसतं.

खाडीच्या बाजूला चिखल उघडा पडला होता आणि त्यात तुतवार पक्षी शेपटी हलवत टिपत होते. ते आणि धोबी थंडीपुरते येतात. बांधावरच्या खांबावर खंड्या. किहीमला सालिम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला म्हणून पक्षी बघणारे तिकडे जातात. आमच्या खाडीवर दुर्बीण घेऊन आलेला माणूस दिसला तर लोक समजतात जमिनीची मोजणी आली.

तसं समजण्यात त्यांचं चुकत नाही. बांधाच्या पलीकडच्या टोकाला एक मोठा पट्टा आहे, जिथे मी लहानपणी लावणीला गेले आहे. तिथे आता तिवरांचं रान आहे, माणसाच्या डोक्याहून उंच. एका उधाणात खांड पडली, ती वेळेत बुजवली गेली नाही, खारं पाणी आत येत राहिलं, पाण्याबरोबर तिवरांचं बी आलं आणि रुजलं. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी योग्यच आहे. ही झाडं किनारा धरून ठेवतात, माशांची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. पण सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर जंगल आणि मालक अर्ज घेऊन फिरतोय, अशी माणसं आमच्या गावात आहेत. कुठल्या टेबलावर किती वर्षं अर्ज पडले ते सांगत बसत नाही. आप्पा त्या रानाकडे बघतही नाहीत. आले की पाठ फिरवतात आणि परतीची वाट धरतात.

पूर्वी खांड वेळेत बुजायची कारण जोळ होती. ज्याची जितकी जमीन त्याने तितकी माणसं द्यायची. हाक आली की रात्र असो, पाऊस असो, घरटी माणूस फावडं घेऊन बांधावर हजर. न आला तर दंड. मग आजूबाजूला कारखाने आले, पगार आले, आणि उधाणाच्या रात्री ज्याने यायचं तो दुसऱ्या पाळीला गेलेला असे. हळूहळू बांध सरकारचा झाला आणि जोळ बोलण्यापुरती उरली. माझे बाबा असेच कंपनीत लागले. त्यांच्या पगारावर मी शिकले, त्या शिक्षणावर पनवेलचा फ्लॅट. त्यामुळे बांधावर उभं राहून 'गेले ते दिवस' म्हणायचा मला काही अधिकार नाही. चिखलात रात्र काढणाऱ्यांपैकी एकालाही आपल्या पोरांनी तेच करावं असं वाटत नव्हतं. आप्पांनाही नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, पेणला नोकरी करतो, आणि आप्पा ते कोणालाही आपणहून सांगतात.

परतताना मी विचारलं, ''आप्पा, कंटाळा नाही येत?''

''येतो की.''

''मग?''

''मंग त्याला पन घेऊन येतो.''

या उत्तरावर मी दिवसभर होते. माझं ऑफिसातलं काम ताळमेळ लावायचं. बँकेचं पासबुक आणि आमची वही यांच्यात राहिलेला फरक शोधायचा, मिटवायचा, आणि दुसऱ्या महिन्यात नवा फरक. या कामाचा मला कंटाळा येतो, आणि कंटाळा आला म्हणजे आपलं कुठेतरी बिनसलंय, आपण दुसरं काहीतरी करायला हवं होतं, अशी एक टोचणी लागते. पुस्तकं, भाषणं, मोबाइलवरचे उपदेश सगळे तेच सांगतात, की आवडीचं काम करा म्हणजे कंटाळा येणार नाही. आप्पांना कोणी असं सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी कंटाळा हे काम सोडायचं कारण होत नाही आणि स्वतःवर शंका घ्यायचंही नाही. तो पण येतो, चिखलातून, बरोबरीने. मला हे पूर्ण पटलंय असं नाही. आप्पांना निवड तरी कुठे होती, हा प्रश्न आहेच. पण माझ्या सुट्ट्या इतक्या चिडक्या का जातात त्याचं थोडं उत्तर मला तिथे मिळालं. रोजच्या कंटाळ्यापासून सुटायचा एकच दिवस, असं ओझं मी त्या लाल तारखेवर टाकते, आणि ती बिचारी चादरी धुण्यातच वाकून गेलेली असते.

घरी आले तेव्हा अंगणात दोन पाट्या शेंगा धुऊन निथळत होत्या आणि थोरली काकू त्यातल्या किडक्या वेचून काढत होती. काकूच्या बोटांना किडकी शेंग न बघताच कळते.

पोपटीविषयी आता बरंच छापून येतं, त्यामुळे थोडक्यात सांगते. भात निघाल्यावर डोंगराकडच्या गोड्या जमिनीत वाल टाकतात. पाणी द्यावं लागत नाही. मातीतली ओल आणि रात्रीचं दव त्याला पुरतं. जानेवारीत दाणा भरतो. त्याच दिवसांत बांधाबांधावर भांबुर्डीचा पाला माजलेला असतो, ज्याला एरवी जनावरही तोंड लावत नाही. मडक्याच्या तळाशी हा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला असा ठासायचा की मडकं उपडं केलं तरी काही पडू नये. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, शेणी रचायच्या आणि पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. 'चर्र' झालं की झाली.

यातला मजेचा भाग असा, की पोपटी हे पुरुषांचं काम मानतात. वर्षभर ज्यांना घरात मिठाचा डबा सापडत नाही ते त्या दिवशी मीठ किती यावर तावातावाने बोलतात. जाळ इकडे जास्त, तिकडे कमी; पाला सैल झाला; मागच्या वर्षीचं मडकं पातळ होतं. आमच्याकडे दोन मडकी लागतात आणि तेवढ्यासाठी आठ पुरुष. मोबाइलच्या उजेडात, हात मागे बांधून, प्रत्येक जण देखरेख करतो. शेंगा तोडून आणलेल्या, धुतलेल्या, निवडलेल्या असतात. मसाला वाटलेला, कोंबडीला लावलेला असतो. केळीची पानं पुसून ठेवलेली असतात. हे सगळं कसं झालं याची त्यांच्यात चर्चा होत नाही. तरी माझी तक्रार अर्धीच आहे, कारण त्या रात्री घरात चूल पेटत नाही. वहिनी आणि काकू शेतात चटईवर पाय पसरून बसतात आणि 'झाली का रे?' असं मोठ्याने विचारतात. एरवी हा प्रश्न त्यांना विचारला जातो. तो दुसऱ्याला विचारताना वहिनीचा चेहरा बघण्यासारखा असतो.

डोक्यावर अर्धा चंद्र होता. आप्पा संध्याकाळच्या भरतीवर जाऊन साडेसातला आले, पाय धुतले आणि कोणाशी काही न बोलता जाळाच्या कडेची एक शेणी काठीने आत सारली. आठही पुरुष त्या शेणीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने पाणी शिंपडलं, चर्र झालं. गोणपाटाने धरून पहिलं मडकं बाहेर काढलं, पाला उपसला, आणि सगळं केळीच्या पानांवर ओतलं.

शेंगा बाहेरून सुरकुतलेल्या, कुठे कुठे काळा डाग पडलेल्या. हातात घेतली की चटका बसतो म्हणून या हातातून त्या हातात टाकत फुंकर मारायची. टोकाशी चिमटीत धरून दाबली की दाणा फटकन तोंडात. आधी सालावरचं जाडं मीठ ओठाला लागतं, मग ओवा, मग भांबुर्डीचा तो वास, जो कापराचा म्हणावा तर नाही आणि तुळशीचाही नाही. आणि शेवटी दाण्याचा गोडवा, मागे किंचित कडू. हा दाणा घरात कुकरमध्ये शिजवून मी पाहिला आहे. चांगला लागतो, पण तो कुकरमधला वाल असतो.

दुसरं मडकं जाळातच होतं. पुतण्या खाता खाता मोबाइलवर बोटं चालवत होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, डोकं तल्लख. त्याने विषय काढला की अलिबागकडे रिसॉर्टवाले पोपटीचे माणशी पैसे घेतात, आणि आपण इथे फुकट बसून खातो. जोडून सुट्टीला मुंबईची वीस माणसं आणली, चटया टाकल्या, बांधावरून एक फेरी मारून आणली, उघाडी दाखवली, चरीच्या संपाची गोष्ट सांगितली, आत्याला बोलता येतं, ती सांगेल. मी भुवया वर केल्या. त्याने आकडे मांडायला सुरुवात केली होती: शेंगा इतक्याच्या, कोंबड्या इतक्याच्या, मडकी, केळीची पानं घरची, शेणी घरच्या. वजा जाता माणशी इतके सुटतात. दादा म्हणाला, हिशेब बरोबर दिसतोय. मला तर कुठलाही ताळेबंद बघायची सवयच, मी मोबाइल हातात घेतला.

''शेंगा धुवायचे किती लावलेस?'' वहिनीने विचारलं.

''काकी, त्याचे कसले पैसे?''

''बरं. मग वीस माणसांच्या शेंगा तू धू.''

पुतण्या हसला, पण वहिनी हसत नव्हती. थोरली काकू म्हणाली, नुसतं धुणं नाही, तोडायला सकाळी सहाला जावं लागतं, दवात लुगडं भिजतं. किडक्या वेचणं वेगळं. मसाला वाटणं वेगळं. मी एक ओळ वाढवली. मग दादाने विचारलं की घरच्या बाईला रोजाने मजुरी लावायची की पाटीवर. वहिनी म्हणाली पाटीवर. काकू म्हणाली, पाटी कोणाची, तुझी की माझी, माझी मोठी आहे. ''आनि बांधाचं?'' आप्पा पलीकडून म्हणाले. ते ऐकत होते हेच कोणाला माहीत नव्हतं. ''फेरी मारायची म्हन्ता. बांध काय आपोआप उभा हाय?'' पुतण्याने विचारलं, दिवसाचे किती लावू? आप्पा म्हणाले, दिवसाचं नको, भरतीचं लाव, दिवसाला दोन येतात. यावर मी रकाना पाडला. माणशी सुटणारे पैसे आता उणे दिसायला लागले आणि पुतण्या म्हणाला की मग दर वाढवू, रिसॉर्टपेक्षा जास्त ठेवू. वहिनी म्हणाली, एवढे कोण देणार? दादा म्हणाला, मुंबईवाले देतात. त्यावरून जी जुंपली, तिच्यात दुसऱ्या मडक्यावर पाणी शिंपडायचं सगळेच विसरले. आठ पुरुष देखरेखीला असताना त्याच्या तळाशी असलेल्या शेंगा पार कोळसा झाल्या, आणि काकूचं म्हणणं आहे की नेमक्या त्याच तिने वेचलेल्या होत्या.